सव्वीस इंची चाकांवर लांबचा पल्ला

प्रस्तावना

१९८२ ते १९९२ या दहाएक वर्षांत ज्या पोलादी माउंटन बाइक बनल्या, त्यांच्याइतकी लांबच्या प्रवासाला लायक सायकल सर्वसामान्यांच्या खिशाला झेपेल अशा भावात त्याआधी मिळत नव्हती, आणि त्यानंतरही फारशी मिळाली नाही. हे विधान मोठं आहे याची मला कल्पना आहे, आणि ते पटवून देण्यासाठीच हे पुस्तक लिहिलं आहे. ज्यांनी त्या सायकली बनवल्या त्यांच्या मनात प्रवास नव्हता. त्यांना डोंगर उतरायचे होते. ज्यांनी त्या विकत घेतल्या त्यांतले बहुतेक जण डोंगरावर फारसे गेलेच नाहीत. कॅलिफोर्नियात, जिथे मी हे काम शिकलो, तिथल्या कितीतरी गॅरेजांमध्ये त्या आजही भिंतीला टांगलेल्या आहेत. टायरमधली हवा गेलेली, चेन गंजलेली, पण फ्रेम मात्र आणखी तीस वर्षं सहज काढेल अशी. ती सायकल खाली उतरवायची, तिचं ओव्हरऑइलिंग करायचं, मोजक्या गोष्टी बदलायच्या आणि मंडईपासून ते दिवसाला ८० किलोमीटरच्या सामानासकट प्रवासापर्यंत सगळ्याला ती लावायची, हा या पुस्तकाचा विषय.

ही सायकल इतकी चांगली का निघाली हे समजलं, की तिच्यात काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही हे निम्मं आपोआप समजतं. म्हणून थोडा इतिहास.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटी आहे आणि तिथे माउंट टॅमलपायस नावाचा डोंगर. १९७०च्या दशकात तिथली काही पोरं भंगारातून जुन्या अमेरिकन सायकली उचलून आणत आणि आग विझवणाऱ्या गाड्यांसाठी काढलेल्या कच्च्या रस्त्यांवरून त्या खाली सोडत. या सायकली १९३०-४०च्या काळातल्या. श्विन कंपनीने १९३३ साली फुगीर टायरची, सव्वीस इंची चाकांची सायकल बाजारात आणली होती. पेपर टाकणाऱ्या मुलांनी कशीही आपटली तरी टिकावी, असा तिचा बांधा. पुढे मरीनच्या पोरांना नेमका हाच दणकटपणा हवा होता. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी चार्ली केली याने ‘रीपॅक’ नावाच्या उतारावर पहिली शर्यत लावली. तीनेक किलोमीटरमध्ये जवळजवळ ४०० मीटर उतार. मागच्या चाकातला पायडलने लागणारा ब्रेक इतका तापायचा, की हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि खाली पोहोचल्यावर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं.

जुन्या फ्रेम या माराखाली मोडू लागल्या. तेव्हा जो ब्रीझ याने १९७७-७८ मध्ये खास या कामासाठी क्रोमोली पोलादाच्या मोजक्या फ्रेम बांधल्या. १९७९ साली टॉम रिची फ्रेम बांधू लागला आणि गॅरी फिशर व चार्ली केली त्या सायकली विकू लागले. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने जपानमध्ये बनवून घेतलेली ‘स्टम्पजंपर’ आणली आणि हातावर मोजण्याइतक्या लोकांचा हा छंद दुकानात पोहोचला.

आता यातला एक भाग नीट पाहण्यासारखा आहे. डोंगरासाठी सायकल बांधायची तर सुटे भाग आणायचे कुठून? तसे भाग कुणी बनवतच नव्हतं. मग जिथे चढ, ओझं आणि खराब रस्ते या तिन्हींचा विचार आधी झाला होता, तिथून ते उचलले गेले. तीन चकत्यांचे क्रँक टीए या फ्रेंच कंपनीचे आणि कँटिलिव्हर ब्रेक माफाक या दुसऱ्या फ्रेंच कंपनीचे. दोन्ही कंपन्यांनी हे भाग बनवले होते ते फ्रान्समधल्या सायकलवरून भटकंती करणाऱ्यांसाठी आणि दोघांनी चालवायच्या टँडम सायकलींसाठी. ब्रेकच्या मुठी मात्र मोटरसायकलच्या. पुढे १९८२ मध्ये शिमानोने डोंगरासाठी म्हणून सुट्या भागांचा पहिला संच काढला, त्याचं नाव डिओर एक्सटी. आणि ‘डिओर’ हे नाव त्याआधी शिमानोच्या टूरिंगच्या भागांचं होतं. माउंटन बाइकची मुळं अशी थेट टूरिंग सायकलीत आहेत. जुनी माउंटन बाइक प्रवासासाठी तयार करताना आपण तिच्यावर काही लादत नाही, हे मी म्हणतो ते यासाठी.

त्या पहिल्या काही वर्षांत माउंटन बाइक कशी असावी हे कुणालाच पक्कं ठाऊक नव्हतं. म्हणून बनवणाऱ्यांनी सगळ्याच बाजूंनी सावध हात राखला. हँडलखालच्या नळीचा कोन ६८-६९ अंशांचा, म्हणजे चांगलाच कललेला; हात सैल सोडला तरी सायकल सरळ चालते आणि पुढे-मागे सामान लादलं तरी थरथरत नाही. मागचं चाक सीटपासून लांब, त्यामुळे कॅरियरला बॅगा अडकवल्या तरी पायडल मारताना टाच बॅगेला लागत नाही. फ्रेमवर कॅरियर आणि मडगार्डसाठी भोकं. दोन इंची टायर बसूनही वर मडगार्डला जागा उरेल इतकी मोकळीक. प्रत्येक चाकाला ३६ स्पोक. पुढचा फोर्क ताठ, स्प्रिंगबिंग काही नाही. आज एखाद्या कारागिराकडे जाऊन टूरिंगची फ्रेम बांधून मागितली, तर तो याच गोष्टींची यादी लिहून घेईल आणि भलं मोठं बिल हातात देईल.

हा सुवर्णकाळ फार टिकला नाही. १९८६-८७ नंतर शर्यतींचा जोर वाढला, तसे कोन उभे झाले. ७१ अंश हा जवळजवळ नियमच बनला. मागचं चाक आत सरकलं, हँडल खाली आणि पुढे गेलं. १९८९-९०च्या सुमाराला रॉकशॉक्सचा स्प्रिंगवाला फोर्क आला आणि दशकाच्या मध्यापर्यंत चांगल्या सायकलींवर तो ठरलेलाच झाला. ताठ फोर्क आणि कॅरियरची भोकं दोन्ही गेली. म्हणून फ्रेम शोधताना माझी पहिली पसंती १९८३ ते १९८७ला, दुसरी १९८८ ते १९९३ला. दुसऱ्या गटातल्या सायकली हलक्या असतात, चपळ असतात, रोजच्या वापराला छानच. फक्त त्यांच्यावर ओझं लादताना जरा हात आखडता घ्यावा. स्प्रिंगच्या फोर्कला धरून आखलेल्या फ्रेमच्या वाटेला शक्यतो जाऊच नये. त्यातला फोर्क काढून साधा ताठ फोर्क बसवला, तर तो बहुधा काही सेंटिमीटर आखूड पडतो, सायकलचं नाक खाली येतं आणि सगळे कोन बिघडतात. १९८६ ते १९८८ मधल्या काही सायकलींचा मागचा ब्रेक पायडलच्या मागे, फ्रेमच्या पोटाखाली बसवलेला असतो. तो चिखल गोळा करतो, आणि त्याच्या खुंट्या वेगळ्या जागी असल्यामुळे त्यावर नेहमीचे कँटिलिव्हर बसत नाहीत. फ्रेम इतर सगळ्या बाबतींत उत्तम असेल तर चालवून घ्यावं. पण घेण्याआधी वाकून बघावं.

माउंटन बाइक रस्त्यावरच्या प्रवासाला लावण्याच्या कल्पनेचे जनक आम्ही कुणी नाही. ब्रिजस्टोनच्या अमेरिकी शाखेत काम करणाऱ्या ग्रँट पीटरसन यांनी १९९२ साली एक्सओ-१ नावाची सायकल काढली. चाकं माउंटन बाइकची सव्वीस इंची, फ्रेम रस्त्याची आणि हँडल मिशीसारखं दोन्हीकडे वळवलेलं. १९९४ मध्ये ब्रिजस्टोनने अमेरिकेतला हा कारभार बंद केला. त्याच वर्षी पीटरसन यांनी रिव्हेंडेल ही छोटी कंपनी सुरू केली आणि तिथून ते आजवर तोच विचार मांडत आले आहेत, की सायकल शर्यतीसाठी नसेल तर हँडल वर हवं आणि टायर जाड हवेत. मॅसॅच्युसेट्समधले मेकॅनिक शेल्डन ब्राउन २००८ मध्ये गेले. जुन्या सायकलींच्या मापांची, एकाचा भाग दुसऱ्याला कसा बसवायचा याची जी माहिती त्यांनी जमवून सगळ्यांसाठी मोकळी ठेवली, तिच्याविना आमच्यासारख्यांचं काम अर्ध्यावर अडलं असतं. या पुस्तकातल्या मापांच्या प्रकरणावर त्यांचं ऋण आहे.

मग बदलायचं काय? एकच गोष्ट बदलण्याइतके पैसे हाताशी असतील, तर टायर बदला. माउंटन बाइकचे दातेरी टायर मातीत रुततात म्हणून तिथे उपयोगी. डांबरावर तेच दात प्रत्येक फेरीत वाकतात, घूं-घूं आवाज करतात आणि तुमच्या पायांची ताकद खातात. वळणावर सायकल किंचित सरकल्यासारखी वाटते तीही त्या दातांमुळेच. त्यांच्या जागी दीड ते दोन इंच रुंदीचे, गुळगुळीत किंवा अगदी बारीक नक्षीचे टायर घातले की तीच सायकल ओळखू येत नाही. अरुंद टायर म्हणजे वेग, हा समज मात्र मनातून काढून टाकावा. सिएटलचे यान हाइन यांनी त्यांच्या त्रैमासिकासाठी वर्षानुवर्षं खऱ्या रस्त्यांवर टायर तपासले. त्यातून दिसलं ते असं : रस्ता खडबडीत असेल तर कडक, अरुंद टायर सायकलीला आणि स्वाराला सारखा हादरवतो आणि त्या हादऱ्यांत शक्ती वाया जाते, मऊ अंगाचा रुंद टायर कमी हवेवरही मागे पडत नाही. साधारण ७० किलोच्या माणसाने पावणेदोन इंची टायरमध्ये मागे ४५ ते ५० आणि पुढे ३५ ते ४० पीएसआय हवा ठेवावी. आपल्या दुकानांत टायर दगडासारखा लागेपर्यंत हवा मारायची सवय आहे. तिथे उभं राहून ‘बास, बास’ म्हणावं लागतं.

टायर घेताना एक फसगत ठरलेली. ‘सव्वीस’ म्हणून विकले जाणारे सगळे टायर एका मापाचे नसतात. माउंटन बाइकच्या रिमवर टायरची कड जिथे बसते, तिथला व्यास ५५९ मिलिमीटर. आपल्याकडच्या बायकांच्या साध्या सायकलींचा जो २६ × १⅜ टायर असतो, त्याचा व्यास ५९०. नाव एकच, पण तो टायर या रिमवर घातला तर ढिला पडून निसटतो. ओळखायची खूण सोपी आहे : रुंदी दशांशात लिहिलेली असेल, म्हणजे १.५०, १.७५, १.९५ अशी, तर तो आपला. अपूर्णांकात असेल तर नाही. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत ५५९ हा आकडाही कोरलेला असतो, तोच खरा मानावा. दापोलीत एका दुकानात मी सव्वीसचा टायर मागितला, तेव्हा काउंटरमागच्या काकांनी टायर काढण्याआधी विचारलं, “कुठलं सव्वीस हवं तुम्हाला? लेडीज का रेंजर?” मिलिमीटरचा हिशेब त्यांनी कधी केला असेल-नसेल, पण प्रश्न बरोब्बर तोच होता. रेंजरचा, म्हणजे माउंटन सायकलीचा, टायर त्यांच्याकडे छताला लटकत होता. अमेरिकेत आणि युरोपात चांगल्या नव्या सायकलींवरून सव्वीस इंची चाक जवळजवळ हद्दपार झालं आहे. आपल्याकडे तालुक्याच्या गावीसुद्धा त्याचा टायर आणि ट्यूब मिळते. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याने ही गोष्ट वजनात मोजावी.

मोठी, रस्त्याच्या सायकलीची ७०० सी चाकं या फ्रेममध्ये घालायचा मोह अनेकांना होतो. त्या रिमचा व्यास ६२२, म्हणजे ब्रेकचे गुटके प्रत्येक बाजूला साडेएकतीस मिलिमीटर वर न्यावे लागणार, आणि फ्रेमवर डाग दिलेल्या खुंट्या तर जागच्या हलत नाहीत. यासाठी जुगाड मिळतात. मी ते करत नाही आणि या पुस्तकात दिलेलेही नाहीत. सव्वीस इंची चाक आखूड स्पोकांमुळे बळकट असतं, लवकर आउट होत नाही. ते असताना दुसऱ्या चाकाच्या मागे का लागायचं?

टायरनंतर हँडल. माझ्या मते या सगळ्या कामाचं मर्म इथे आहे, आणि इथेच सर्वांत जास्त पैसे वाया जातात.

जुन्या माउंटन बाइकची वरची दांडी लांब असते. समजा सीटच्या नळीपासून हँडलच्या नळीपर्यंत ५८ सेंटिमीटर. त्यापुढे हँडल धरणारा स्टेम १३ सेंटिमीटरचा. सरळ हँडलवर हात जवळपास स्टेमच्या रेषेतच येतात, म्हणजे सीटच्या नळीपासून ७१ सेंटिमीटर पुढे. डोंगर उतरताना हे ठीक असतं, कारण तिथे माणूस फारसा बसलेला नसतोच. पण रस्त्यावर तीन तास असं ओणवं राहिलं की मनगटं बधिर होतात आणि मान धरते. आता यावर शर्यतीच्या सायकलीचं वाकडं ड्रॉप हँडल लावलं, तर ते हात आणखी आठ-दहा सेंटिमीटर पुढे नेतं, ब्रेकच्या मुठींवर हात ठेवले तर त्याहूनही पुढे. हिशेब जमवायचा तर स्टेम तीन सेंटिमीटरचा लागेल आणि तसा स्टेम लावून सायकल धड चालणार नाही. तरी लोक ड्रॉप हँडल लावतात, कारण ते दिसतं छान. जॉन टोमॅकने १९९० साली डुरँगोला झालेल्या जागतिक स्पर्धेत माउंटन बाइकवर ड्रॉप हँडल लावलं होतं, त्याचे फोटो आजही फिरतात. टोमॅक जगातल्या सर्वांत चांगल्या स्वारांपैकी एक होता आणि त्याला काय हवं होतं हे त्याला माहीत होतं. ज्याला ड्रॉप हँडलच हवं असेल त्याने नेहमीपेक्षा एक माप लहान फ्रेम शोधावी आणि स्टेम आखूड पण उंच घ्यावा. त्याचं वेगळं प्रकरण पुढे दिलं आहे.

बाकी सगळ्यांना माझा सल्ला मागे वळलेल्या हँडलचा. आपल्या आजोबांच्या काळ्या सायकलीला जसं असायचं त्याच कुळातलं, फक्त रुंद आणि जरा पुढे जाऊन मग मागे येणारं. हात पंधरा सेंटिमीटर मागे येतात, त्यामुळे ती लांब दांडी आणि तो लांब स्टेम दोन्ही अडचणीचे न राहता उपयोगाचे होतात. पाठ पूर्ण ताठही होत नाही आणि ओणवीही राहत नाही. चढावर हँडलच्या पुढच्या वळणावर हात ठेवून झुकता येतं. आणखी मोठा फायदा असा, की या हँडलची जाडी माउंटन बाइकच्या सरळ हँडलइतकीच, २२.२ मिलिमीटर असते. म्हणजे जुन्या ब्रेकच्या मुठी आणि अंगठ्याने हलवायच्या गिअरच्या दांड्या जशाच्या तशा उचलून त्यावर बसतात. ड्रॉप हँडल २३.८ मिलिमीटर जाड, त्यावर जुनं काहीच बसत नाही. मग नव्या मुठी, नवे गिअर आणि त्यांना जुळणारे ब्रेक अशी खर्चाची रांगच लागते. मागे वळलेल्या हँडलला खर्च येतो तो हँडलचा आणि थोड्या लांब केबलींचा.

स्टेम वर घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे नळीवर कोरलेली रेघ. ती रेघ फोर्कच्या बाहेर दिसता कामा नये, नाहीतर स्टेम आतून पुरेसा धरलेला नसतो. दुसरी गोष्ट हमखास विसरली जाते. त्या काळच्या अनेक स्टेममध्येच पुढच्या ब्रेकची केबल टेकवायची सोय असते, कधी भोक, कधी छोटी चकरी. स्टेम बदलला की ती सोय जाते आणि केबल टेकवायला जागा राहत नाही. तेव्हा स्टेमबरोबरच हँडलच्या कपापाशी बसणारा केबलचा स्टॉपर आणून ठेवावा.

कँटिलिव्हर ब्रेकबद्दल लोक उगाच कुरकुरतात. नीट लावले तर ते भरलेली सायकल घाटात व्यवस्थित थांबवतात. रबरी गुटके नवे घ्यावेत, कारण तीस वर्षांचं रबर कडक होऊन काचेसारखं गुळगुळीत झालेलं असतं. गुटक्याचं पुढचं टोक रिमला आधी टेकेल असा किंचित तिरका ठेवला की किंचाळी थांबते. मात्र एक धोका खरोखर गंभीर आहे. पुढच्या ब्रेकची उभी केबल तुटली, तर दोन्ही बाजूंना जोडणारी आडवी तार टायरवर पडते आणि टायर दातेरी असेल तर त्यात अडकून चाक जागच्या जागी थांबू शकतं. पुढे मडगार्ड असेल तर तार त्याच्यावर अडते. पुढचं मडगार्ड काढायचंच नाही, असं मी सांगतो त्याचं कारण चिखल कमी आणि ही तार जास्त. १९९६ नंतर रुळलेले व्ही-ब्रेक त्याच खुंट्यांवर बसतात, पण त्यांना केबल जास्त ओढणाऱ्या मुठी लागतात. जुन्या मुठींवर ते लावले तर मूठ हँडलला टेकते आणि ब्रेक अर्धवटच लागतो.

गिअरबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे बदलण्यासारखं फार नाही. पुढे ४६-३६-२६ आणि मागे १३ ते ३० दात ही त्या काळची नेहमीची मांडणी. दीड इंची टायरवर सर्वांत जड गिअरमध्ये पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे ७ मीटर जाते, सर्वांत हलक्या गिअरमध्ये सुमारे पावणेदोन मीटर. म्हणजे सपाटीवर मिनिटाला ८० फेऱ्या मारल्या तर ताशी साधारण ३४ किलोमीटर, आणि खड्या चढावर ६० फेऱ्यांत ताशी ६. सामान घेऊन निघालेल्या माणसाला यापलीकडे काय हवं? खटक्याशिवाय चालणाऱ्या अंगठ्याच्या दांड्या असतील तर त्या जपून ठेवाव्यात. मागचं चाक, फ्रीव्हील कुठलंही घाला, त्या जुळवून घेतात.

जुनी सायकल पाहायला जाल तेव्हा रंग आणि स्टिकर नंतर बघा. आधी सीटचा बोल्ट सैल करून सीटची दांडी हलते का ते बघा. ॲल्युमिनियमची दांडी पोलादी नळीत वर्षानुवर्षं ग्रीसशिवाय राहिली, की दोन धातूंमध्ये ओल शिरून ती आत जाम होते. अशी दांडी सोडवायला कधी कधी आठवडा जातो. तेल सोडायचं, सायकल उलटी करून खालच्या बाजूनेही सोडायचं, दिवसभर वाट पाहायची, हलकेच पिळून बघायचं, परत तेल. जोर लावायची घाई केली तर फ्रेमची नळीच पिळवटते. दांडी निघाली की तिच्यावर कोरलेलं माप वाचावं : २६.८, २७.०, २७.२. फरक ०.२ मिलिमीटरचा, पण चुकीची दांडी एकतर जातच नाही किंवा जाऊन खाली घसरत राहते. मग हँडलच्या नळीच्या मागच्या बाजूला, जिथे वरची आणि खालची दांडी जोडली आहे तिथे, नळीखालून बोट फिरवावं. समोरून आदळलेल्या सायकलीचा रंग तिथे सुरकुततो आणि ती सुरकुती डोळ्यांआधी बोटाला लागते. अशी फ्रेम स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये.

काही फ्रेमना हात लावू नये, हेही इथेच सांगतो. १९७०च्या दशकातली ब्रीझर, सुरुवातीच्या रिची, पहिल्या खेपेची स्टम्पजंपर मूळ भागांसकट हाती आली, तर ती तशीच ठेवावी. स्टम्पजंपर आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्या सायकलींचं मोल त्यांच्या मोटरसायकलच्या मुठींसकट आहे. इतर सायकलींचेही काढलेले भाग भंगारात घालू नयेत. चिठ्ठी लावून खोक्यात ठेवावेत. पुढच्या मालकाला ती परत होती तशी करावीशी वाटली, तर त्याची वाट मोकळी असावी.

मराठीत हे पुस्तक लिहावंसं वाटलं याला कोकणचा सागरी रस्ता कारण आहे. आगरदांड्याहून दिघीला, बागमांडल्याहून वेश्वीला, दाभोळहून धोपाव्याला, तवसाळहून जयगडला अशा फेरीबोटींवरून खाड्या ओलांडत दक्षिणेला जाणारा हा रस्ता आता सायकलवाल्यांच्या ओळखीचा झाला आहे. प्रत्येक खाडीवरून वर सड्यावर चढायचं आणि पुढच्या खाडीला परत खाली उतरायचं. चढ लांब नाहीत, पण खडे आहेत. मध्येच डांबर संपून जांभ्याची लाल खडी लागते. अरुंद टायरच्या महागड्या सायकली तिथे दमताना मी पाहिल्या आहेत. पावणेदोन इंची टायर, पावणेदोन मीटरचा हलका गिअर आणि वर घेतलेलं हँडल या रस्त्यासाठीच जमून आल्यासारखे वाटतात. खारी हवा हा पोलादाचा वैरी आहे हे खरं. त्यावर उपाय म्हणून फ्रेम मोकळी असतानाच नळ्यांच्या आत उकळलेलं जवसाचं तेल फिरवून, निथळवून वाळू द्यावं. आतून पातळ थर धरतो आणि गंज लांब राहतो.

अशी जुनी जपानी फ्रेम भारतात सहजी मिळत नाही, हे मी जाणतो. परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसांना ती मिळते, पुस्तकाचा मोठा भाग त्यांच्या कामाचा आहे आणि त्यांतले काही जण ती येताना घेऊनही येतात. पण इथे घरोघरी जिन्याखाली उभ्या असलेल्या साध्या, ताठ फोर्कच्या माउंटन सायकलींनाही यातलं बरंच लागू पडतं. त्यांचं पोलाद जड असतं, त्याला इलाज नाही. तरी गुळगुळीत टायर, मागे वळलेलं हँडल, योग्य उंचीवर सीट आणि स्वच्छ केलेल्या कोन-छऱ्यांत नवं ग्रीस इतकं केलं तरी कॉलेजच्या मुलाची पडून राहिलेली सायकल त्याच्या आईला किंवा काकांना रोज वापरता येते. शेवटून दुसरं प्रकरण सगळं त्याच सायकलींसाठी आहे, आणि ज्यांच्याकडे तशी सायकल आहे त्यांनी पुस्तक तिथूनच उघडलं तरी हरकत नाही.

हत्यारं फार लागत नाहीत : पान्ह्यांचा आणि ॲलन कीचा संच, कोनचे पातळ पान्हे, केबल कापायची चांगली पकड, क्रँक काढायचा पुलर आणि एक व्हर्नियर. चाकाचा आउट काढणं मात्र आधी जवळच्या कारागिराकडे बसून पाहावं. ते पुस्तकातून अर्धंच शिकता येतं. सायकल तयार झाली की लगेच सामान लादून निघू नये. पहिले शंभरेक किलोमीटर गावातल्या गावात चालवावी. तेवढ्यात नव्या केबली बसतात आणि सैल पडतात, ब्रेकचे गुटके रिमला घासून जागा धरतात, एखादा स्पोक ढिला होतो. मग पान्हे घेऊन परत एकदा सगळं आवळावं. क्रँकचे बोल्ट आधी, मग स्टेमचा, मग कॅरियरचे. कॅरियरचा खालचा स्क्रू सर्वांत आधी सुटतो, त्याच्या पाठीमागे दुसरा नट लावून ठेवावा.